पंडिता रमाबाई : पश्चिमेला तिच्याच धर्माचा आरसा

पुण्याहून सोलापूरमार्गे वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दत्तभक्तांच्या चांगल्या परिचयाचे एक स्थानक आहे, गाणगापूर रोड. गोमंतकातून नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांच्या दर्शनाला जाणारे कितीतरी यात्रेकरू तेथे उतरतात. त्याच मार्गाने पुढे गेले की कलबुर्गी लागते. २०१४ पर्यंत या शहराचे अधिकृत नाव गुलबर्गा होते आणि मराठी घरांत अजूनही तेच नाव चालते. याच मार्गावर, पण पुण्याच्या बाजूला, दौंडच्या अलीकडे केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमधून निघालेल्या पंडिता रमाबाईंनी १९१२ साली निजामाच्या मुलखातील गुलबर्ग्यात एक ख्रिस्ती हायस्कूल उभे केले आणि आपली एकुलती एक कन्या मनोरमाबाई हिच्या हाती ते सोपवले. रमाबाईंच्या चरित्रांत ही हकीकत बहुधा एका ओळीत आटोपते. त्यांच्या आयुष्याच्या ओघात मात्र या ओळीला अर्थ आहे, कारण पश्चिमेकडून घेतलेली श्रद्धा पश्चिमेच्या सावलीतून बाहेर काढून दख्खनच्या मातीत रुजवण्याचा जो प्रयत्न त्यांनी जन्मभर केला, त्याचे हे शेवटच्या टप्प्यातील एक ठिकाण होते.

रमाबाईंची दोन ठरीव चित्रे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. एका चित्रात त्या बालविधवांची माउली, स्त्रीशिक्षणाची आद्य पुरस्कर्ती असतात आणि त्यांचे धर्मांतर एखाद्या अडचणीच्या प्रसंगासारखे हळूच बाजूला सारलेले असते. दुसऱ्या चित्रात त्या साहेबाच्या धर्माला भुललेली विदुषी असतात. परस्परविरोधी भासणारी ही दोन्ही चित्रे एकाच समजुतीवर उभी आहेत : ख्रिस्ती होणे म्हणजे पाश्चात्त्य होणे. रमाबाईंनी नाकारली ती नेमकी हीच समजूत. इंग्लंडात असताना नाकारली, अमेरिकेत असताना नाकारली आणि पुढे इंग्रज सरकारच्या तोंडावरही नाकारली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मंगळूरकडच्या मुलखात वाढलेले चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे अभ्यासक. दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकताना त्यांनी पाहिले होते, आणि स्त्रीलाही ही भाषा येऊ शकते हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला. आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी संस्कृत शिकवले. त्यासाठी उडुपीच्या धर्मपंडितांपुढे आपली बाजू मांडण्याचीही वेळ त्यांच्यावर आली. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलीला पहाटेच्या अंधारात भागवताचे श्लोक पाठ करवून घेतले. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने अरण्यातले घर सोडले आणि तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरणे हेच त्यांचे जिणे झाले. देवळाच्या आवारात पुराण सांगावे, श्रोते देतील त्या दक्षिणेवर राहावे, मजुरी मात्र करू नये, असा त्या जगण्याचा नियम होता.

हा नियम दुष्काळाने मोडला. १८७० नंतरच्या दशकात दक्षिण हिंदुस्थान अन्नाला मोताद झाला. काही महिन्यांच्या अंतराने रमाबाईंचे वडील गेले, आई गेली आणि पाठोपाठ थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. बीदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा मराठी घरात लहानपणापासून ऐकवली जाते. डोंगरे कुटुंबाच्या वाट्याला कोणी दामाजीपंत आला नाही. ज्या दैवतांच्या पायी त्यांनी असतील नसतील ते पैसे वाहिले, त्यांच्या देवळांबाहेर ही माणसे पाने खाऊन राहिली. रमाबाईंच्या मनातल्या श्रद्धेला पहिला तडा गेला तो येथे. कोणा मिशनऱ्याचा शब्द कानी पडण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. त्यांच्या धर्मांतराचे खापर मिशनऱ्यांच्या माथ्यावर फोडणाऱ्यांनी या भुकेचा हिशेब क्वचितच मांडला.

भाऊ श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई पायी भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची मुलगी संस्कृतातून अस्खलित बोलते हे पाहून तेथील पंडितवर्ग चकित झाला आणि पंडिता व सरस्वती या उपाधी तिच्याकडे चालत आल्या. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचण्यास उत्तेजन दिले. शास्त्रग्रंथ स्वतः वाचू लागताच स्त्री आणि शूद्र यांच्या मोक्षाविषयी त्यांत काय लिहिले आहे ते रमाबाईंना दिसले, आणि आजवर श्रोत्यांना सांगत आलेल्या गोष्टींपासून त्यांचे मन दुरावले. १८८० साली श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते कायस्थ होते, म्हणजे सनातनी दृष्टीने शूद्र. संसार उणापुरा दीड वर्ष टिकला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने वारले. आसामातील सिल्चरच्या त्यांच्या घरी बंगाली भाषेतील लूकच्या शुभवर्तमानाची एक प्रत होती. ख्रिस्ताशी रमाबाईंची पहिली ओळख त्या पुस्तकातून झाली. ती इंग्रजीतून किंवा कोणा युरोपियनाच्या मुखातून झाली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला प्रयाण केले. तिकडे जाऊन वैद्यक शिकण्याचा त्यांचा विचार होता. कानाच्या वाढत्या बहिरेपणामुळे तो पुढे सोडून द्यावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आसरा दिला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्महत्या केली आणि त्या आघाताची छाया रमाबाईंवर दीर्घकाळ राहिली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी आई व मुलगी या दोघींचा बाप्तिस्मा झाला. नीळकंठशास्त्री गोरे, अर्थात फादर नेहेम्या गोरे, या काशीच्या पंडिताचे लेखन या निर्णयात निर्णायक ठरले. स्वतः ख्रिस्ती झालेल्या या ब्राह्मणाची शास्त्रोक्त वादपद्धती रमाबाईंना पाश्चात्त्य धर्मोपदेशकांच्या प्रवचनांपेक्षा अधिक पटली.

वादाच्या सिद्धान्तांपेक्षाही त्यांना हलवून सोडले ते लंडनच्या फुलहॅम भागातील एका आश्रमाने. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना वाँटेजच्या भगिनी तेथे जवळ करत होत्या, त्यांच्या जखमा धूत होत्या, त्यांना काम शिकवत होत्या. वाट चुकलेल्या स्त्रीविषयी रमाबाईंनी आपल्या धर्मग्रंथांत वाचले होते ते शिक्षेच्या भाषेत. येथे मात्र तिच्यापाशी बसून तिला पुन्हा उभी करणाऱ्या स्त्रिया होत्या. विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या ख्रिस्ताची गोष्ट त्यांना याच अनुभवातून उलगडली. पण त्यांची नजर एकाच बाजूला खिळून राहणारी नव्हती. फुलहॅमला असा आश्रम लागतो याचा अर्थ लंडनच्या रस्त्यांवर अशा स्त्रिया आहेत, ही गोष्टही त्या आश्रमातच उघड होती. जगभर धर्म आणि सुधारणा वाटत फिरणाऱ्या राष्ट्राच्या राजधानीतले हे दैन्य होते. विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा पुरता हक्क इंग्लंडने दिला तोही १८८२ च्या कायद्याने, म्हणजे रमाबाई येण्याच्या जेमतेम आदल्या वर्षी. केंब्रिजने तर स्त्रियांना पदव्या देण्यास १९४८ साल उजाडू दिले.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली रमाबाई शिकत होत्या व संस्कृतही शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातील इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. मायदेशी परतल्यावर हिंदू समाजात त्यांच्या नावाला बट्टा लागेल, असे कारण त्यांनी पुढे केले. जिने कलकत्त्याच्या पंडितसभा गाजवल्या होत्या तिला, पुरुषांपुढे उभे राहू नकोस, असे सांगण्यासाठी ख्रिस्ती बिशप हिंदू रूढीचा आधार घेत होते. रमाबाईंना हा विनोद कळला आणि रागही आला. १८८५ साली त्यांची बील यांच्याशी व आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी जी पत्रापत्री झाली, ती एकोणिसाव्या शतकातील कोणा हिंदी स्त्रीने चर्चसत्तेशी केलेला सर्वांत निर्भीड वाद म्हणून वाचण्यासारखी आहे. मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवली ती दुसऱ्याच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्रैक्याचा सिद्धान्त, अथनेशियसचा मतांगीकार, कुमारीच्या पोटी ख्रिस्ताचा जन्म, यांतले जे बुद्धीला पटले नाही ते त्यांनी स्पष्टपणे पटले नाही म्हणून लिहिले. बायबल त्यांना मान्य होते. ते वाचण्याचा अधिकार मात्र त्या कोणा बिशपाला बहाल करणार नव्हत्या.

वादाचे विषय कधी कधी वरवर क्षुल्लक वाटतात. रमाबाई शाकाहारी राहिल्या आणि अंडे घातलेले गोड पक्वान्नही त्यांनी नाकारले. भगिनींना त्यात जातीचा अभिमान शिल्लक असल्याचा वास आला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ज्या भाषेतले एक अक्षरही कळत नाही ती छातीवर का मिरवावी, त्याऐवजी संस्कृत का नसावी, असा रमाबाईंचा प्रश्न होता. बाप्तिस्म्यात मिळालेले मेरी हे नाव वाँटेजमध्ये चालले, पण जगाने त्यांना ओळखले ते रमाबाई म्हणूनच. मनोरमेला इंग्रज मुलीसारखी वाढवू नये यासाठी तर त्यांनी कायम हट्ट धरला.

गोमंतकीय वाचकाला या क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टींचे वजन वेगळे सांगायला नको. इन्क्विझिशनच्या १७३६ सालच्या फर्मानाने गोव्यातील ख्रिस्ती घरांतील धोतर-चोळीपासून लग्नातल्या गाण्यांपर्यंत कशाकशावर बंदी घातली होती, हा इतिहास येथे प्रसिद्ध आहे. श्रद्धा बदलली की ताट, वस्त्र, नाव आणि जिभेवरची भाषाही बदलली पाहिजे, हा आग्रह युरोपातून आला होता, शुभवर्तमानातून नव्हे. येथे तो राजदंडाच्या जोरावर लादला गेला. वाँटेजमध्ये तो प्रेमाने आणि उपकाराच्या ओझ्याने लादला जात होता, आणि उपकाराला नकार देणे हे राजाज्ञेला नकार देण्यापेक्षा पुष्कळदा अवघड असते.

१८८६ च्या मार्चमध्ये आप्त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. काही आठवड्यांसाठी केलेली ही सफर जवळजवळ तीन वर्षे चालली. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले व त्याच्या विक्रीतून आणि व्याख्यानांतून हिंदुस्थानातील विधवागृहासाठी निधी उभा राहिला. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन तिने दहा वर्षे मदतीची हमी घेतली. हे सारे सर्वज्ञात आहे. त्यांनी अमेरिकेविषयी मराठीत काय लिहिले ते मात्र फारसे वाचले जात नाही. १८८९ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ बाहेर पडले. अमेरिकन माणूस हिंदुस्थानावर लिहितो त्या काळात एका हिंदी विधवेने अमेरिकेवर लिहिले आणि तेही आपल्या लोकांसाठी, आपल्या भाषेत.

या ग्रंथात कौतुक भरभरून आहे. राजावाचून चालणारे राज्य, सार्वजनिक शाळा, स्त्रियांच्या संघटना, मद्यपानाविरुद्ध फ्रान्सिस विलार्ड यांनी उभारलेली चळवळ, लोकांच्या वर्गणीवर चालणारी धर्मादाय कामे, हे पाहून रमाबाई हरखून गेल्या. पण पुस्तकाचा आरंभच कोलंबसाच्या चुकीने होतो. हिंदुस्थान शोधायला निघालेला खलाशी भलत्याच किनाऱ्याला लागला आणि तेथल्या माणसांना त्याने आपल्या देशाचे नाव दिले. त्या माणसांचे पुढे काय झाले ते सांगताना रमाबाईंची लेखणी तीक्ष्ण होते. क्रूस उभारून ज्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले तेथील मूळ रहिवाशांना गोऱ्यांनी लुबाडले व हुसकावले. रमाबाई अमेरिकेत असतानाच, १८८७ साली, मूलनिवासींच्या सामाईक जमिनी तोडून वाटण्याचा डॉझ कायदा संमत झाला, म्हणजे ही लूट इतिहासजमा झालेली नव्हती. गुलामीविषयीही तसेच. यादवी युद्धाने काळ्या माणसाच्या बेड्या तुटल्या, पण गोऱ्या मनातला विटाळ गेला नाही, हे त्यांनी पाहिले आणि आपल्या वाचकाला तो समजावा म्हणून जातिभेदाची तुलना दिली. टोप्यांवर पिसे खोवण्यासाठी पक्ष्यांचे थवेच्या थवे मारले जातात आणि तीच बाई रविवारी देवळात दयेचे प्रवचन ऐकते, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

पश्चिमेवर टीका करणारे हिंदी लेखक त्या काळी दुर्मीळ नव्हते. बहुतेकांची मापे मात्र स्वतःच्या परंपरेतली असत : तिकडे भोग, इकडे योग. रमाबाईंनी हे सोपे माप वापरले नाही. पश्चिमेला त्यांनी पश्चिमेच्याच पवित्र ग्रंथाने मोजले. ख्रिस्ताने जे सांगितले ते ख्रिस्ती राष्ट्रे करत नाहीत, एवढाच त्यांचा आक्षेप. परक्याची टीका परकी म्हणून झटकता येते; या टीकेपुढे ती सोय नव्हती. आणि हेच माप त्यांनी हिंदुस्थानातील ख्रिस्ती मंडळींनाही लावले. पश्चिमेतील असंख्य पंथांची भाऊबंदकी पाहून ख्रिस्ती धर्म नेमका कोणाकडे आहे असा संभ्रम त्यांना पडला होता, याची कबुली त्यांच्या पुढच्या आत्मवृत्तात आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास हलले. तेथील विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, हे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. एवढ्यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही १८९३ साली सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. या वादात रमाबाई पूर्ण निर्दोष होत्या असे म्हणता येणार नाही. आईच्या मायेने वागणाऱ्या स्त्रीचे उघडे दार हेही निराधार मुलीसाठी एक प्रकारचे आमंत्रणच असते, आणि त्या मुलीला दुसरे दारच नव्हते. परंतु ज्या समाजाने त्या मुलींचे केस उतरवून त्यांना कोपऱ्यात बसवले, त्याला त्यांच्या धर्माची काळजी नेमकी त्या शिकू लागल्यावर का वाटली, हा प्रश्नही उरतोच. जोतीराव फुले यांनी १८८५ सालीच ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू उघडपणे घेतली होती. पुण्याच्या प्रतिष्ठितांत त्यांना साथ फारशी मिळाली नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. आपल्या बालपणीची भूक त्यांना तेथे हजारो चेहऱ्यांवर दिसली. सुमारे तीनशे मुली-स्त्रिया त्यांनी गाडीने आणल्या. केडगावची माळरान जमीन आधीच घेतलेली होती. तेथे मुक्ती सदन वसले. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना, अंधांसाठी ब्रेल. आणि कृपा सदन, जे थेट फुलहॅमच्या आठवणीतून उभे राहिले. या मुलींत नाना जातींच्या, नाना भाषांच्या मुली होत्या. ताटात भाकरी, अंगावर साडी, प्रार्थनेत मराठी भजने आणि कीर्तनाचा बाज. हा ख्रिस्ती आश्रम इंग्रजी चर्चची नक्कल दिसू नये याची काळजी रमाबाईंनी बारकाईने घेतली.

त्याच १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला. गोऱ्या सोल्जरांनी घरे तपासण्याचा तो काळ. प्लेगच्या इस्पितळात आणि छावण्यांत स्त्रियांची जी दशा चालली होती तिच्याविरुद्ध रमाबाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात जाहीर पत्र लिहिले. त्यांच्या आश्रमातील मुलीलाही त्याची झळ लागली होती. ख्रिस्ती सरकारच्या पदराखाली राहणारी धर्मांतरित बाई म्हणून ज्यांनी त्यांना हिणवले होते, त्यांच्या समोर हे घडत होते. मुंबई सरकारने आरोप फेटाळले. जूनमध्ये रँडचा खून झाला, पुढे टिळकांना शिक्षा झाली, इंग्लंडात सोल्जरांवर आरोप करणाऱ्या गोखल्यांना माफी मागावी लागली. इतिहासाने त्या वर्षाच्या या घटना नोंदवल्या. सरकारला स्त्रियांच्या अब्रूचा जाब विचारणाऱ्या ख्रिस्ती पंडितेचे पत्र मात्र त्या गर्दीत मागे पडले.

या चरित्रात एक गाठ न सुटलेली आहे. मुक्ती सदन चालले ते मोठ्या अंशी अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथून येणाऱ्या पैशावर. ज्या पश्चिमेचे दोष रमाबाईंनी लिहून ठेवले तिच्यापुढेच त्यांना वारंवार झोळी पसरावी लागली, आणि झोळी भरायची तर हिंदू स्त्रीचे हाल रंगवून सांगावे लागत. त्यांच्या नावाने ब्रुकलिनमध्ये काम करणाऱ्या मंडळाचा स्वामी विवेकानंदांशी याच मुद्द्यावर वाद झाला. उत्तरायुष्यात त्यांचे हिंदू परंपरेविषयीचे लेखन अधिक कडवे झाले आणि १९०५ च्या मुक्तीतील धर्मजागृतीनंतर विदेशी मिशनऱ्यांचा सहभागही वाढला. १८८९ च्या पुस्तकातली दोन्हींकडे सारखी चालणारी कात्री नंतर एका बाजूला अधिक चालली, हे मान्य केले पाहिजे. तरी आश्रमाचा कारभार त्यांनी कधी कोणा विदेशी मिशनच्या स्वाधीन केला नाही.

गुलबर्ग्याचे हायस्कूल या पार्श्वभूमीवर पाहावे. १९१२ साली हैदराबादच्या गादीवर मीर उस्मान अली खान येऊन वर्षच उलटले होते. दरबार आणि शिक्षण यांची भाषा उर्दू. प्रजेच्या घरी कानडी, मराठी, तेलुगू. बीदर-गुलबर्ग्याच्या या पट्ट्यात एकेकाळी महमूद गवानाचा मदरसा बांधला गेला होता, कल्याणात बसवेश्वरांच्या शरणांनी जातीची उतरंड ढासळवली होती आणि हुमनाबादला माणिकप्रभूंच्या दरबारात हिंदू-मुसलमान एकत्र बसत होते. पण विसाव्या शतकाच्या आरंभी सामान्य घरातल्या मुलीला अक्षरओळख होण्याची सोय येथे जवळजवळ नव्हती. १९०७ साली सुरू झालेल्या नूतन विद्यालयासारखे खाजगी प्रयत्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बीदर भागात अमेरिकन मेथडिस्ट मिशनऱ्यांचे काम वाढत होते. त्या मुलखात एक हिंदी ख्रिस्ती स्त्री आपल्या लेकीच्या हाती हायस्कूल देते, म्हणजे प्रमुखाच्या खुर्चीत गोरी मडम नाही, मराठी बोलणारी मनोरमाबाई आहे. इंग्लंड-अमेरिकेत शिकूनही आपली मुलगी इंग्रज होऊ नये म्हणून जी आई वाँटेजच्या भगिनींशी भांडली होती, तिच्या त्या भांडणाला येथे फळ आले. कानडी मुलखात जन्मलेल्या रमाबाईंचे वर्तुळ कानडी मुलखाकडे वळले ते याच शाळेच्या निमित्ताने.

स्वतः रमाबाई तोवर बायबलाच्या भाषांतरात बुडाल्या होत्या. उपलब्ध मराठी बायबल पंडिती वळणाचे. खेड्यातल्या बाईला ते कळत नसे. म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून घेतले आणि इंग्रजी भाषांतराच्या मध्यस्थीवाचून मूळ भाषांतून साध्या मराठीत काम सुरू केले. हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द त्यांनी टाळले. संस्कृतच्या या सरस्वतीने संस्कृत शब्दांकडे पाठ फिरवावी यात खिन्न करणारे काही आहे, आणि त्यामुळे त्यांची मराठी कित्येक ठिकाणी अवघडलेलीही झाली. चर्चमध्ये ते भाषांतर रुळले नाही. पण हेतू स्वच्छ होता : ख्रिस्त आणि मराठी बाई यांच्यामध्ये ना इंग्रजी असावी, ना पंडितांची भाषा. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, पाने शिवणाऱ्या सगळ्या मुक्तीच्याच मुली. १९१४ ते १९१८ या काळात युरोपातील ख्रिस्ती राष्ट्रे एकाच देवाची प्रार्थना करून एकमेकांची माणसे लाखांनी मारत होती, तेव्हा केडगावच्या छापखान्यात दुष्काळातून वाचलेल्या बायका तेच शुभवर्तमान अक्षर अक्षर जुळवत होत्या.

१९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी चाळीस वर्षांच्या मनोरमाबाई वारल्या. आपल्यानंतर मुक्तीचा भार तिच्यावर असेल हा रमाबाईंचा भरवसा तिच्याबरोबर गेला. कान जवळजवळ निकामी झालेले, शरीर थकलेले, पण भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासायची उरली होती. ती तपासून झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. त्यांचे बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.